मिशिगन की ओहायो स्टेट? प्रशिक्षक आणि नवी पोरं बघून ठरवा

अमेरिकेत मिशिगन किंवा ओहायोत शिकायला, नोकरीला आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच नोव्हेंबरात एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये तुम्ही कुणाचे? ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठाचे की कोलंबसच्या ओहायो स्टेटचे? तटस्थ राहून चालत नाही. हे दोन संघ १८९७ पासून एकमेकांशी भिडतायत. सामन्याच्या आठवड्यात कोलंबसच्या कॅम्पसवरच्या पाट्यांवर जिथे जिथे इंग्रजी 'एम' असतो, तिथे लाल फुली मारलेली दिसते. ऑफिसातल्या सहकाऱ्यांना बाजू निवडावी लागत नाही, त्यांना ती घरातूनच मिळालेली असते. आपल्याला मात्र निवड करायची असते.

स्टेडियमवरून निवड होणार नाही. मिशिगनच्या स्टेडियममध्ये १ लाख ७ हजारांवर माणसं बसतात, ओहायोच्या स्टेडियममध्ये १ लाख २ हजारांवर. गर्जना दोन्हीकडे सारखीच. खेळाडूंवर जीव जडवावा तर ते तीन-चार वर्षांत निघून जातात. म्हणून माझं म्हणणं असं: प्रशिक्षक बघा, आणि तो अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांचं काय करतो ते बघा. चाहत्यांची खरी भांडणंही याच दोन गोष्टींवरून होतात.

दोन खुर्च्या

ओहायो स्टेटचे रायन डे २०१९ पासून मुख्य प्रशिक्षक आहेत. पहिल्याच वर्षी त्यांनी मिशिगनला ५६-२७ असं झोडपलं. २०२० चा सामना कोविडमुळे झाला नाही. त्यानंतर मात्र सलग चार वर्षं हार. त्यातली २०२४ ची हार सगळ्यांत जिव्हारी लागणारी होती. घरचं मैदान, समोर त्या वर्षी चाचपडणारा मिशिगन, आणि निकाल १०-१३. शेवटी मैदानावर हाणामारी झाली. त्या रात्री डे यांना हाकला म्हणणारे चाहते हजारोंनी होते.

पुढे जे झालं त्यामुळे मी डे यांच्या बाजूने बोलतो. त्या वर्षी राष्ट्रीय प्लेऑफमध्ये (विजेता ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांत) पहिल्यांदाच बारा संघ घेतले होते, म्हणून ओहायोला आणखी एक संधी मिळाली. तीन आठवड्यांत तोच संघ टेनेसीविरुद्ध ४२-१७ ने जिंकला. मग ओरेगॉनला ४१-२१, टेक्ससला २८-१४ आणि २० जानेवारी २०२५ ला अंतिम सामन्यात नोटर डेमला ३४-२३ असं हरवलं. खचलेल्या पोरांना इतक्या लवकर उभं करणं हे कुठल्याही डावपेचापेक्षा अवघड काम आहे. कोलंबसमधले जुने चाहते अजूनही वाद घालतात की मिशिगनला हरवल्याशिवाय राष्ट्रीय विजेतेपदाला काय अर्थ! मला ते पटत नाही. शिवाय २९ नोव्हेंबर २०२५ ला ॲन आर्बरमध्ये जाऊन २७-९ असा विजय मिळवून डे यांनी तोही हिशेब चुकता केला.

मिशिगनची गोष्ट जास्त खडतर आहे. जिम हार्बो हे तिथलेच जुने क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारे खेळाडू. १९८६ मध्ये त्यांनी ओहायोला हरवण्याची जाहीर हमी दिली आणि २६-२४ ने ती खरी केली. प्रशिक्षक म्हणून २०१५ मध्ये परतल्यावर पहिले पाचही सामने ते ओहायोकडून हरले. २०२१ च्या सुरुवातीला पगार कमी करून घेऊन ते राहिले, आणि मग सलग तीन वर्षं ओहायोला हरवलं. जानेवारी २०२४ मध्ये वॉशिंग्टनला ३४-१३ ने हरवून राष्ट्रीय विजेतेपदही आणलं. पाच पराभव सोसूनही विद्यापीठाने त्यांना वेळ दिला, हे मिशिगनच्या बाजूने मोजायलाच हवं. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. प्रतिस्पर्ध्यांच्या डावांच्या खुणा चोरून टिपण्याच्या प्रकरणात २०२३ मध्ये हार्बो यांच्यावर तीन सामन्यांची बंदी आली, आणि पुढे विद्यापीठाला मोठा दंड झाला. हार्बो एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेले. त्यांच्या जागी आलेल्या शेरोन मूर यांना विद्यापीठाने डिसेंबर २०२५ मध्ये काढून टाकलं.

आता तिथे काइल व्हिटिंगहॅम आले आहेत. युटा विद्यापीठात त्यांनी २१ हंगाम काढले. २००८ मध्ये त्यांचा संघ एकही सामना न हरता हंगाम संपवून गेला आणि शेवटी अलाबामालाही हरवलं. भक्कम बचाव आणि ताकदवान लाइन (समोरच्याला भिडणारी पुढची फळी) ही त्यांची ओळख, आणि मिशिगनला हेच आवडतं. वय साठीच्या पुढे आहे, त्यामुळे पुढची पंधरा वर्षं त्यांच्यावर बांधता येणार नाहीत. पण विस्कटलेलं घर लावायला असाच माणूस हवा होता.

पोरांचं काय होतं

ओहायोकडे जाणाऱ्या मुलाला रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, व्हायचं असेल, तर डोळे मिटून जावं असे दिवस होते. गॅरेट विल्सन, ख्रिस ओलावे, जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा, मार्व्हिन हॅरिसन ज्युनियर, एमेका एग्बुका. २०२२ ते २०२५ या चार वर्षांत हे पाचही जण एनएफएल ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या, पहिल्या फेरीत गेले. आणि आता जेरेमाया स्मिथ. फ्लोरिडाहून आलेल्या या मुलाने २०२४ मध्ये, कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, झेल घेऊन १,३१५ यार्ड आणि १५ टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) केले. नोटर डेमविरुद्ध सामना निसटतोय असं वाटत असताना त्याने तिसऱ्या डाउनला (चार प्रयत्नांतल्या तिसऱ्या) घेतलेला ५६ यार्डांचा झेल पुन्हा पुन्हा बघावा असा आहे. शाळा संपल्यापासून तीन वर्षं होईपर्यंत ड्राफ्टमध्ये जाता येत नाही, त्यामुळे २०२७ आधी एनएफएल त्याला घेऊ शकत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. हे रिसीव्हर घडवणारे ब्रायन हार्टलाइन २०२५ च्या हंगामानंतर साउथ फ्लोरिडाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

मिशिगनमध्ये चमक कमी, घाम जास्त. तिथे मोठेपण मिळतं ते समोरच्याला ढकलत नेणाऱ्या धिप्पाड पोरांना. देशातल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनला (चढाईच्या पुढच्या फळीला) मिळणारा 'जो मूर' पुरस्कार मिशिगनने २०२१ आणि २०२२, सलग दोनदा जिंकला. त्याच लाइनच्या मागून धावत हसन हॅस्किन्सने २०२१ मध्ये ओहायोविरुद्ध पाच टचडाउन केले. ज्याला कुस्तीतला जोर बघायला आवडतो, त्याला हा खेळ लगेच कळेल.

क्वार्टरबॅकच्या बाबतीत दोघांचे रस्ते अगदी उलटे झाले. ज्युलियन सेयिन आधी अलाबामात गेला होता. तिथले प्रशिक्षक निक सेबन निवृत्त झाल्यावर तो ओहायोला आला, २०२४ चं वर्ष तेव्हाचा क्वार्टरबॅक विल हॉवर्डच्या मागे बसून शिकला आणि २०२५ मध्ये सूत्रं हाती घेतली. ब्राइस अंडरवुड हा ॲन आर्बरजवळच्या बेलव्हिलचा मुलगा, आपल्या वर्षातला देशातला सर्वाधिक मागणी असलेला खेळाडू. लुइझियाना स्टेटला दिलेला होकार फिरवून तो घरच्या संघाकडे आला आणि पहिल्याच सामन्यापासून मैदानात उतरला. मिशिगनकडे पर्यायच नव्हता, २०२४ मध्ये त्यांचा पासिंगचा खेळ जवळजवळ बंद पडला होता. म्हणून २७-९ च्या पराभवावरून या पोराला मोडीत काढणाऱ्यांशी मी ठामपणे असहमत आहे. अठराव्या वर्षी इतकं ओझं दिल्यावर निदान दोन हंगाम तरी थांबायला हवं.

नव्या पोराच्या मोहात जुन्याला विसरण्याची खोड दोन्हीकडे आहे. १९९९ मध्ये मिशिगनचे चाहते स्थानिक लाडक्या क्वार्टरबॅक ड्रू हेन्सनसाठी आग्रह धरत होते, आणि प्रशिक्षक लॉइड कार त्याला टॉम ब्रेडीबरोबर आलटून पालटून खेळवत होते. ब्रेडी ड्राफ्टमध्ये १९९ वा गेला. पुढे तोच एनएफएलमधला सर्वांत यशस्वी क्वार्टरबॅक ठरला. ओहायोतच वाढलेल्या 'जो बरो' या क्वार्टरबॅकला कोलंबसमध्ये जागा मिळाली नाही. तो २०१८ मध्ये लुइझियाना स्टेटला गेला आणि २०१९ च्या हंगामात ६० टचडाउन पास टाकून हाइझमन (सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) आणि राष्ट्रीय विजेतेपद दोन्ही घेऊन गेला. अर्थात ज्याला त्याच्या पुढे ठेवलं, त्या ड्वेन हॅस्किन्सने त्याच २०१८ मध्ये मिशिगनविरुद्ध ६२-३९ असा विजय मिळवून दिला होता. त्यामुळे ओहायोची निवड चुकली असं मी म्हणणार नाही.

आता संघ बदलणं सोपं झालंय, आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. वाट बघणारा बरो आता एक हंगामही थांबेल का, सांगता येत नाही. म्हणूनच प्रशिक्षकाचं वजन वाढलंय.

यंदा बाजू निवडणाऱ्याला मी ओहायो स्टेट सुचवेन: डे टिकलेत, स्मिथ आहे, सेयिन नीट तयार झाला आहे. ज्याला पडझडीनंतरची उभारणी पहिल्या विटेपासून बघायची आहे आणि दोन-तीन वर्षं कळ काढायची तयारी आहे, त्याने मिशिगन घ्यावं. अंडरवुड आणि व्हिटिंगहॅम ही जोडी जमली तर तो आनंद ओहायोवाल्यांना मिळणार नाही. यंदाचा सामना २८ नोव्हेंबर २०२६ ला कोलंबसमध्ये आहे. तो बहुतेक वेळा तिथल्या दुपारी बाराला सुरू होतो, म्हणजे पुण्या-मुंबईत मुलांबरोबर बघायचा असेल तर शनिवारी रात्री साडेदहाला.