लॉट नंबर ४० कास्क स्ट्रेंथ (१२ वर्षं, ५५%): काही महिने पुरवून पुरवून प्यायल्यावर

आधीच सांगतो, या कॅनेडियन राय व्हिस्कीची ही बाटली आता दुकानात मिळत नाही (राय म्हणजे गव्हासारखं एक धान्य, कास्क स्ट्रेंथ म्हणजे पिंपातून निघते त्याच ताकदीची). २०१७ मध्ये नॉर्दर्न बॉर्डर कलेक्शन म्हणून चार व्हिस्की आल्या होत्या, वायझर्स ३५, पाइक क्रीक २१, गुडरहॅम अँड वर्ट्सची १७ वर्षांची लिटल ट्रिनिटी आणि ही. चौघींत वयाने धाकटी पण रग हिच्यातच जास्त. कॅनडातल्या मिसिसागाच्या एका मित्राने तेव्हा घेऊन ठेवली होती, मधे त्याची दारू सुटली आणि बाटली माझ्याकडे आली (त्याचं भलं होवो, दोन्हीबद्दल).

कॅनेडियन व्हिस्की म्हणजे गुळगुळीत, हलकी, जिंजर एलमध्ये ओतायची असं आपल्या डोक्यात असतं आणि ते अगदीच उगाच नाहीये. तिकडे बहुतेक जण धान्यं वेगवेगळी गाळतात, वेगवेगळी मुरवतात आणि शेवटी मिसळतात, त्यातला बेसचा, म्हणजे मिश्रणाच्या पायाचा, मोठा भाग कॉलममध्ये (उंच, सतत चालणाऱ्या भट्टीत) इतक्या जास्त टक्क्यांना चढवून काढलेला असतो की धान्याची चव फारशी उरतच नाही. लॉट ४० मात्र पूर्ण राय, विंडसरच्या हायरम वॉकर डिस्टिलरीत तांब्याच्या पॉट स्टिलमधून (हंड्यासारख्या भट्टीतून) काढलेली, म्हणजे रायचा सगळा तिखटपणा आतच. त्यात १२ वर्षं लाकडात आणि पाणी घालून उतरवलेली नाही.

उघडली तेव्हा खरं सांगायचं तर फार आवडली नव्हती. नाक नेलं की नुसतं स्पिरिट. ग्लास तसाच वीसेक मिनिटं ठेवला, मग तोंड किंचित उघडं ठेवून लांबूनच वास घेतला तेव्हा कुठे लवंग, राय ब्रेड आणि पेन्सिलला टोक काढताना येतो तो लाकडाचा वास यायला लागला. अजून एक काहीतरी हिरवं होतं जे मला काही केल्या पकडता येईना, बायकोने एकदा हुंगलं आणि म्हणाली, अहो शेपू आहे हा. झालं, तेव्हापासून मला शेपूच येतो 😄

जिभेवर आधी काकवी, लगेच मागून मिरी आणि सुंठ, आणि शेवट लांब, कोरडा, बराच तुरट. हा तुरटपणा सगळ्यांना झेपेल असं नाही. मला स्वतःला चालतो पण दुसरा पेग घ्यावासा वाटत नाही, एकातच भागतं.

आता पाण्याचं. साधी लॉट ४० ४३ टक्क्यांची येते, तर ३० मिलीत साधारण ८ मिली पाणी घातलं की ही पण ४३ वर येते. सिरिंजने मोजून दोन्ही शेजारी ठेवून प्यायलो (घरचे हसले, हसू देत). साधीत फुलांचा वास जास्त आणि गोडी लवकर कळते, हिच्यात पाणी घालूनही लाकूड आणि मसालाच पुढे. पण ४३ पर्यंत आणण्यात मजा नाही, ३० ला ३ मिली म्हणजे पन्नासच्या आसपास, तिथे काकवी वर येते, जळजळ बसते आणि मिरी तशीच राहते. मी आता तेवढंच घालतो. म्हणून मला ५५ टक्के म्हणजे कडक पिण्याची मर्दुमकी वगैरे वाटत नाही, पाणी किती घालायचं ते कंपनीऐवजी आपण ठरवतो एवढंच.

बर्फ नको, वास मरतो. सोड्यात शेपू तेवढा उरतो. सोबत फरसाण तर अजिबात नको, जुनं चेडर चालतं.

बाटली अर्ध्यावर आली तेव्हा सगळ्यात छान लागत होती. तळाशी थोडी राहिल्यावर मसाला बोथट व्हायला लागला म्हणून उरलेली हवा लागू नये अशी छोट्या बाटलीत गच्च भरून ठेवली, तुमचीही उतरत आली असेल तर हे लवकर करा.

लिलावात वाट्टेल त्या किमतीला घेऊ नका बुवा. २०१८ ची ११ वर्षांची ५८.४ टक्केवाली कुणाकडे निघाली तर एक पेग मागा, नाहीतर साधी लॉट ४० घ्या, रायची ओळख तिच्यातही नीट होते. आणि जोरच हवा असेल तर कॅल्गरीची अल्बर्टा प्रीमियम कास्क स्ट्रेंथ बघा, तीही पूर्ण राय आणि ६५ टक्क्यांच्या आसपास, मला जरा गोड वाटली पण लेबलवर वय नाही, आणि तिला पाणी मात्र हात मोकळा सोडून घाला.