व्हिएन्नाचं कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम : ब्रूगेलच्या दालनाला वेळ द्याच

व्हिएन्नात एकच म्युझियम बघण्याइतका वेळ असेल, तर कुन्स्टहिस्टोरिशेस, म्हणजे कला-इतिहासाचं म्युझियम बघा, असं मी कुणालाही डोळे झाकून सांगेन. एकच सांगणं, सगळं बघून संपवायचा हट्ट धरू नका. इजिप्तच्या ममीपासून राजघराण्याच्या नाण्यांपर्यंत इतकं काही आहे की संध्याकाळपर्यंत पाय बोलायला लागतात आणि डोक्यात काहीच राहत नाही. पहिल्या मजल्यावर चित्रांची दालनं आहेत, त्यात सोळाव्या शतकातला नेदरलँड्सचा चित्रकार पीटर ब्रूगेल याचं एक दालन आहे. निम्मा वेळ तिथेच द्या.

मी सांगली जिल्ह्यातल्या शाळेत चित्रकला शिकवायचे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुलांना सगळ्यात जड जातं ते स्मरणचित्र. बाजार, लग्न, मैदानावरचे खेळ असा काही विषय आला की मूल तीन माणसं काढतं, तिघंही एका रेषेत उभी, तिघांचीही तोंडं आपल्याकडे, मागे डोंगर. गर्दीत माणूस माणसाच्या आड कसा जातो, वरून बघितलं तर जमीन कशी पसरते, डोळा चित्रभर कसा फिरवायचा, हे फळ्यावर आकृत्या काढून किती सांगणार? या दालनात ते सगळं भिंतींवर आहे. ब्रूगेलची लाकडी फळीवरची बारा चित्रं या म्युझियमकडे आहेत. जगात दुसरीकडे कुठेही इतकी नाहीत.

सुरुवात 'मुलांचे खेळ'पासून करा. १५६० चं चित्र, जेमतेम पावणेचार फूट उंच आणि सव्वापाच फूट रुंद. अभ्यासकांनी मोजलंय, त्यात सव्वादोनशेच्या वर मुलं आणि ऐंशीच्या वर खेळ आहेत. माझा भाचा तिथे शिकायला आहे, तो सोबत होता. डाव्या खालच्या कोपऱ्यात वाकून बघत तो म्हणाला, "मावशी, सागरगोटे बघ!" खरंच, दोघीजणी समोरासमोर बसून खेळतायत, फक्त बियांऐवजी प्राण्यांची हाडं. मग आम्हाला नादच लागला. आंधळी कोशिंबीर सापडली, कमानीखाली भोवरे सापडले, काठीने गोल कडी पळवणारी पोरं तर अगदी पुढेच आहेत. कुणी पिंपावर घोडा घोडा करतंय, कुणी पायाला उंच काठ्या बांधून चालतंय, एक पोरगी वीट किसून दुकान-दुकान खेळतेय. एकीने तर काठीने शेण-घाण ढवळायला घेतलीय, तेही चित्रकाराने गाळलेलं नाही.

यातलं एकही मूल आपल्याकडे बघत नाही. प्रत्येक जण आपल्या खेळात बुडालेला, चेहरे गंभीर. आणि एवढ्या गर्दीत गोंधळ होत नाही, कारण उजवीकडे एक सरळ रस्ता दूरपर्यंत जातो आणि डावीकडे मोकळी हिरवळ आणि नदी ठेवलीय, तिथे पोरं डुंबतायत. डोळा दमला की त्या पाण्याकडे जातो, विसावतो आणि परत गर्दीत शिरतो. वर्गात 'मोकळी जागा सोडा' म्हणून मी घसा कोरडा केला असेल. मोकळी जागा कशासाठी, ते या नदीने दाखवलं.

'शेतकऱ्याचं लग्न' हे चित्र आपल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ही सरळ पंगत आहे. खळ्यावरच्या कोठारात लांब टेबल तिरकं मांडलंय आणि दोन वाढपी बिजागरीवरून काढलेल्या दारावर खिरीसारख्या पातळ लापशीच्या थाळ्या ठेवून आणतायत. एकाने टोपीत चमचा खोचलाय. नवरी हिरव्या कापडापुढे हात जुळवून गप्प बसलीय, डोक्यावर कागदी मुकुट टांगलाय. नवरा नेमका कोण, यावर अजून वाद चालू आहेत. मला सगळ्यात आवडला तो पिशवीची पुंगी वाजवणारा. वाजवायचं सोडून त्याची नजर थाळ्यांवर खिळलीय. पुढे जमिनीवर एक लहान मूल बसलंय, टोपीला मोराचं पीस, टोपी डोळ्यांवर आलेली, आणि बोटं चाटणं चालू. हे लिहिताना मला पुन्हा तिथे जावंसं वाटतंय.

'बर्फातले शिकारी' (१५६५) तुम्ही कॅलेंडरवर, नाताळच्या कार्डावर बघितलं असेल. छापील चित्रात थंडी येत नाही, मूळ चित्रात येते. आकाश आणि खालची गोठलेली तळी एकाच हिरवट-निळ्या रंगाची आहेत, म्हणून मधली माणसं आणि झाडं काळी, टोकदार दिसतात. तिघं शिकारी पाठमोरे, कुत्र्यांच्या माना खाली, आणि एवढ्या पायपिटीनंतर काठीला एकच कोल्हा. झाडांच्या ओळीने नजर आपोआप टेकडी उतरते आणि बर्फावर खेळणाऱ्या ठिपक्याएवढ्या माणसांपाशी पोचते. मागे सुळके आहेत, जे त्याच्या सपाट मुलखात नाहीतच. इटलीच्या प्रवासात बघितलेला आल्प्स त्याने आठवणीतून घरच्या हिवाळ्यात आणून बसवला. याला म्हणतात स्मरणचित्र. अँटवर्पच्या एका श्रीमंत व्यापाऱ्यासाठी केलेल्या ऋतूंच्या मालिकेतलं हे चित्र. त्यातली पाच उरली, तीन इथे, एक प्रागला, एक न्यूयॉर्कला.

ही चित्रं व्हिएन्नात कशी आली, हे माहीत असलं की दालन आणखी उलगडतं. ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याचं राज्य तेव्हा नेदरलँड्सवरही होतं. तिथे कारभार बघायला गेलेले राजपुत्र आणि चित्रवेडा सम्राट रुडॉल्फ दुसरा यांनी ब्रूगेल जमवला. पुढे आर्चड्यूक लिओपोल्ड विल्हेल्मने ब्रुसेल्समधून शेकडो चित्रं आणली. इमारत मात्र बरीच नंतरची आहे. गॉटफ्रीड झेम्पर आणि कार्ल फॉन हाझेनाउअर यांचा आराखडा, १८९१ मध्ये उद्घाटन.

इमारतीतला जिना हे स्वतंत्र प्रकरण आहे. शिल्पकार कानोव्हाचा पांढऱ्या संगमरवरातला थिसियस, हा ग्रीक पुराणातला वीर, अर्ध्या वाटेवर सेंटॉरला (अर्धा माणूस, अर्धा घोडा) लोळवतोय, सगळे त्याचा फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही मान वर करा. खांबांच्या आणि कमानींच्या मधल्या चिंचोळ्या जागांत व्हिएन्नाचा प्रसिद्ध चित्रकार गुस्ताव्ह क्लिम्ट याची चित्रं आहेत, त्याच्या तिशीच्याही आधीची. आधी हे काम करणारा चित्रकार हान्स माकार्ट १८८४ मध्ये वारला आणि जिन्याच्या सजावटीचं उरलेलं काम क्लिम्ट, त्याचा भाऊ एर्न्स्ट आणि फ्रान्झ माच या तिघांकडे आलं. इजिप्तची देवता, ग्रीसची अथीना, सोनेरी पार्श्वभूमी, पुढच्या क्लिम्टची चाहूल इथेच लागते. चित्रं फार उंचावर आहेत, घरात छोटी दुर्बीण असेल तर न्या, ती इथे सोन्यासारखी उपयोगी पडते. क्लिम्टचं 'चुंबन' इथे नाही, ते शहरातल्या 'अप्पर बेल्व्हेडिअर' राजवाड्यात आहे.

डच चित्रकार फर्मेअरचं 'चित्रकलेची कला' हे चित्र बाजूच्या लहान खोल्यांमध्ये आहे. चित्रकार पाठमोरा, समोर निळ्या वस्त्रातली मुलगी, भिंतीवर नेदरलँड्सचा नकाशा. त्या नकाशाच्या घड्यांवर पडलेला उजेड बघा. १९४० मध्ये हे चित्र हिटलरने विकत घेतलं होतं, युद्धात ते मिठाच्या खाणीत लपवलं गेलं. तळमजल्यावर इटालियन सोनार-शिल्पकार चेल्लिनीचं सोन्याचं मीठदाणी-शिल्प आहे. २००३ मध्ये ते चोरीला गेलं आणि २००६ मध्ये जंगलात पुरलेलं सापडलं. कारागिरी अफाट आहे, पण माझं मन वरच अडकलेलं होतं.

टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांना कळकळीने सांगते. आमच्या गल्लीतली मंडळी ज्या सहलीला गेली, तिच्या कार्यक्रमात हे म्युझियम 'बाहेरून दर्शन' असं होतं. पैसे भरण्याआधी विचारा, व्हिएन्नातली एखादी मोकळी दुपार मागून घ्या, आणि शक्य असेल तर गुरुवार गाठा. त्या दिवशी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, पाचनंतर शाळांचे घोळके गेलेले असतात आणि दालनातले मोठे गुबगुबीत सोफे रिकामे मिळतात. बसून बघण्याची अशी सोय फार कमी ठिकाणी असते. जून ते ऑगस्ट सोडला तर सोमवारी बंद. एकोणीस वर्षांखालच्यांना तिकीट नाही, तेव्हा मुलं-नातवंडं बरोबर असतील तर नक्की न्या, आणि न्याल तेव्हा वही-पेन्सिल त्यांच्या हातात द्या. मेट्रोने म्युझियम्सक्वार्टियर किंवा फोल्क्सथिएटर स्टेशनला उतरलं की पाच मिनिटांत दारात. समोरची तशीच दिसणारी इमारत निसर्ग-इतिहासाच्या म्युझियमची, तिचं तिकीट वेगळं. फोटो काढू देतात, फ्लॅश बंद ठेवा.