घरगुती ऑडिओसाठी यागेओचे एमएफआर-25 रेझिस्टर: कुठे भागते, कुठे भागत नाही

तैवानच्या यागेओ कंपनीचे एमएफआर-25 हे पाव वॅटचे, एक टक्का टॉलरन्सचे (छापील आकड्यापासून फार तर एवढेच ढळणारे) मेटल फिल्म म्हणजे धातूच्या पातळ थराचे रेझिस्टर मी घरी जुळवलेल्या, रेकॉर्ड प्लेयरचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या फोनो प्रीअ‍ॅम्पमध्ये, हेडफोन अ‍ॅम्पमध्ये आणि पॉवर अ‍ॅम्पच्या इनपुट भागात वापरत आलो आहे. ‘ऑडिओ ग्रेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, नगाला शेकडो रुपये मोजाव्या लागणाऱ्या रेझिस्टरांपेक्षा हे कमी पडतात का, असे अनेक जण विचारतात. माझे मत असे की, रेझिस्टर कोणत्या जातीचा आहे आणि सर्किटमध्ये तो कोणत्या जागी बसतो या दोन गोष्टींनी आवाजात फरक पडतो; त्या दोन्ही जमल्या की कंपनीच्या नावाने आणि किमतीने पडणारा फरक शोधूनही सापडत नाही.

नॉइजचा विचार करताना दोन प्रकार वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला उष्णतेमुळे होणारा नॉइज. तो केवळ ओहमच्या आकड्यावर आणि तापमानावर अवलंबून असतो, त्यामुळे 1 किलोओहमचा रेझिस्टर कार्बनचा असो, धातूचा असो वा महागड्या फॉइलचा असो, खोलीच्या तापमानाला 20 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तो सुमारे 0.6 मायक्रोव्होल्ट नॉइज देणारच. फोनो प्रीअ‍ॅम्पमध्ये सिग्नल वाढवणारी एनई5534 सारखी आयसी असेल तर तिच्या इनपुटच्या वाटेतला किंवा फीडबॅकमधून (आउटपुटचा काही भाग इनपुटकडे परत नेणाऱ्या वाटेतून) ग्राउंडकडे जाणारा 1 किलोओहमचा रेझिस्टर त्या आयसीच्या स्वतःच्या व्होल्टेज नॉइजपेक्षा थोडा अधिकच नॉइज करतो. येथे उपाय महाग रेझिस्टर हा नसून कमी ओहमचा रेझिस्टर हा आहे: 1 किलोओहमच्या जागी 220 ओहम बसेल अशी रचना केली की तो नॉइज निम्म्याखाली येतो.

दुसरा प्रकार म्हणजे रेझिस्टरमधून डीसी प्रवाह वाहत असताना त्यावर पडणारा जादा नॉइज, आणि जातीचा खरा प्रश्न येथेच येतो. कार्बन कॉम्पोझिशनचे रेझिस्टर कार्बनची भुकटी दाबून केलेले असतात. कणाकणांतून प्रवाह जाताना तो सारखा कमीजास्त होतो, आणि रेझिस्टरवरचा डीसी व्होल्टेज जितका अधिक तितका हा नॉइज वाढतो. व्हॉल्व्हच्या (जुन्या काचेच्या नळीच्या) प्लेटला, म्हणजे तिच्या आउटपुटच्या टोकाला, 100 किलोओहमचा असा रेझिस्टर लावला, त्यावर 100 व्होल्ट पडले आणि प्रत्येक व्होल्टमागे वारंवारतेच्या दर दहापटीला 1 मायक्रोव्होल्ट असा हिशेब धरला, तर श्राव्य पट्ट्यात 170 मायक्रोव्होल्टच्या वर खरखर तयार होते. त्याच रेझिस्टरचा उष्णतेमुळे होणारा नॉइज जेमतेम 6 मायक्रोव्होल्ट असतो. मेटल फिल्ममध्ये हा जादा नॉइज अनेक पटींनी कमी असतो, आणि एमएफआर-25 त्याला अपवाद नाहीत. कार्बन फिल्म या दोघांच्या मधले. जुन्या गिटार अ‍ॅम्पचा रंगच हवा असणाऱ्यांनी कार्बन कॉम्पोझिशन खुशाल वापरावेत. रेकॉर्ड ऐकायला बसणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

मात्र व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये या रेझिस्टरची एक मर्यादा आडवी येते. यावर सतत देता येणारा कमाल व्होल्टेज 250 आहे, मग वॅटचा हिशेब कितीही सोयीचा निघो. 300 व्होल्टच्या सप्लायवर प्लेट लोड (प्लेटला जोडायचा रेझिस्टर) लावायचा असेल तर दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडावेत किंवा मोठ्या आकाराचा घ्यावा.

पॉवर अ‍ॅम्पच्या फीडबॅकमध्ये उष्णतेचा प्रश्न आहे आणि तो सहसा दुर्लक्षित राहतो. 8 ओहमच्या स्पीकरवर 50 वॅट म्हणजे आउटपुटला 20 व्होल्ट. नॉइज कमी करण्याच्या नादात फीडबॅकला 2.2 किलोओहम आणि 100 ओहमची जोडी लावली, तर 2.2 किलोओहमच्या रेझिस्टरमध्ये सुमारे 165 मिलिवॅट उष्णता निर्माण होते. पाव वॅटच्या मर्यादेत ते बसते खरे, पण मंद लयीच्या बास सुरांबरोबर रेझिस्टर तापतो आणि निवतो, त्याचा ओहमचा आकडा तापमानाबरोबर हलतो, आणि त्यातून खालच्या सुरांत तिसऱ्या हार्मोनिकचे (मूळ सुराच्या तिप्पट वारंवारतेचे) डिस्टॉर्शन शिरते. मी वापरले ते रेझिस्टर अंशाला 50 पीपीएमचे (दहा लाखांत 50 भाग बदलणारे) असले, तरी येथे एकट्याच्या भरवशावर राहू नये. 560 ओहमचे चार एकापाठोपाठ लावले की प्रत्येकाच्या वाट्याला 40 मिलिवॅटच्या आसपासच येतात.

अचूकतेबाबत मी समाधानी आहे. एक टक्क्याची चूक म्हणजे 0.09 डेसिबल, आणि फोनोच्या आरआयएए जाळ्यात (रेकॉर्ड कापताना बदललेला सुरांचा तोल पूर्ववत करणाऱ्या भागात) तेवढीच चूक पाच टक्क्यांच्या कपॅसिटरपुढे नगण्य ठरते. दुहेरी व्हॉल्यूम पॉटचे (आवाजाच्या गुंडीचे) डावा-उजवा असे दोन ट्रॅक कमी आवाजाला याच्या दसपट वेगळे चालतात, त्याची तक्रार फारसे कोणी करत नाही! बॅलन्स्ड इनपुटची, म्हणजे दोन तारांवरच्या सिग्नलांतला फरक तेवढा घेणाऱ्या इनपुटची, गोष्ट वेगळी: चार सारख्या रेझिस्टरांच्या डिफरन्स अ‍ॅम्पमध्ये एक टक्क्याचा माल वाईटात वाईट जुळणीला हम (दोन्ही तारांत सारखी शिरणारी विजेची घुमघुम) केवळ 34 डेसिबलने दाबतो. तेथे मल्टिमीटरने जोड्या जुळवाव्यात, किंवा सरळ 0.1 टक्क्याचे घ्यावेत. रेझिस्टर ज्या फितीवर चिकटवून येतात त्या एकाच पट्टीतले शेजारचे नग माझ्या मोजणीत एकमेकांच्या फार जवळ निघतात, त्यामुळे जुळवणीला वेळ लागत नाही.

हाताळताना एक त्रास मात्र होतो. निळ्या अंगावरच्या पाच पट्ट्यांत तपकिरी, लाल आणि नारिंगी हे रंग पिवळ्या दिव्याखाली इतके एकसारखे दिसतात की 1 किलोओहमच्या जागी 2 किलोओहम बसायला वेळ लागत नाही, आणि दोन्ही टोकांना तपकिरी पट्टी असली की कोणत्या बाजूने वाचायचे हेही कळत नाही. बोर्डावर बसवण्यापूर्वी प्रत्येक नग मीटरवर धरावा.

पॉवर ट्रान्झिस्टरच्या एमिटरला लागणारे 0.22 ओहमचे आणि आउटपुटच्या झोबेलमधले (अ‍ॅम्प स्थिर ठेवणाऱ्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या जोडीतले) 10 ओहमचे रेझिस्टर या मालिकेत शोधू नयेत. पहिल्यासाठी 5 वॅटचा सिरॅमिक वायरवाउंड पुरेसा आहे, त्याच्या इंडक्टन्सचा बाऊ श्राव्य वारंवारतेत करण्याचे कारण नाही. दुसऱ्यासाठी मात्र वायरवाउंड टाळून 2 वॅटचा मेटल ऑक्साइड घ्यावा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात मेटल फिल्म नगाला एक-दोन रुपयांत मिळतात. सुटे नग मागितले की कधी कधी बिननावाचा, पातळ तारांचा माल हाती येतो, म्हणून कंपनीच्या छापील खोक्यातली सलग पट्टी कापून मागावी. 100 ओहम, 1, 2.2, 10, 22, 47 आणि 100 किलोओहम एवढ्या आकड्यांचे नग भरपूर घेऊन ठेवले, तर एका प्रीअ‍ॅम्पच्या बहुतेक जागा त्यांतून भागतात.