हिंजवडीचं पॅकेज की सोलापुरातून रिमोट?

पुण्याचं ऑफर लेटर आलं की घरचे आधी सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, बघतात, पण त्या आकड्यात कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, कामगिरीवर कमीजास्त होणारं व्हेरिएबल सगळं कोंबलेलं असतं, त्यात ग्रॅच्युइटी तर साधारण 5 वर्षं टिकलात तरच, म्हणून एचआरला सरळ विचारायचं की ओ, हातात महिन्याला किती?

त्यातून फ्लॅटचं भाडं, मेस, आणि शुक्रवारी ऑफिसातून पळत सुटून सोलापूरची संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस गाठायची, ती गेली की एसटी, 250 किलोमीटर.

सोलापुरात घरी बसून रिमोट केलं तर पगार जरा कमी, पण भाडं शून्य, जेवणात आईची कडक भाकरी न् शेंगा चटणी, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला सुट्टी मागावी लागत नाही. पाणी रोज येत नाही ते वेगळं!

मात्र शिकायला पुणंच बरं. नव्या पोरानं कोड कुठं फुटला ते शेजारच्या सीनियरला खुर्ची सरकवून विचारलं की पाच मिनिटांत सुटतं, रिमोटमध्ये मेसेज टाकून दुपारपर्यंत वाट बघा. फुकट कॉफी, टेबल टेनिसचं टेबल ह्यावर भुलू नका, रात्री 11 ला कॉल लावणारा मॅनेजर असेल तर दोन्हीकडं हालच.

फ्रेशर असाल तर दोनेक वर्षं पुणे, मग रिमोट मागा.