खगोलशास्त्र शिकवायचंय: संशोधन विद्यापीठात की साध्या महाविद्यालयात?

दोन्हीकडे दारावर 'प्राध्यापक' अशीच पाटी लागते, पण तिच्या आतला आठवडा फार वेगळा असतो.

संशोधन विद्यापीठात पोचणारा माणूस पाच-सहा वर्षांची पीएचडी, मग दोन-तीन वर्षांचे एक-दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन-नोकऱ्या), असं बिऱ्हाड पाठीवर घेऊन पस्तिशीला टेकतो. साध्या महाविद्यालयात खगोल शिकवणारे बरेचजण मुळात भौतिकशास्त्रवाले. प्रकाशशास्त्र शिकवता शिकवता खगोलाचा पेपर गळ्यात पडला आणि पुढे तोच आवडायला लागला. मी त्यांतलाच.

विद्यापीठवाल्याला तास कमी. बाकीचा वेळ निधीचे अर्ज, पीएचडीचे विद्यार्थी आणि दुर्बिणीवर वेळ मिळवण्याची धडपड. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या वेळवाटपाच्या तिसऱ्या फेरीत मागणी उपलब्ध वेळेच्या सुमारे नऊपट होती. म्हणजे खपून लिहिलेला अर्ज बहुधा परत येणार, हे धरूनच चालायचं. नकार मनाला लावून घेणाऱ्याने तिकडे फिरकू नये.

आमच्याकडे तास भरपूर, तपासायचे गठ्ठे त्याहून भरपूर. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, हे चुकीचं उत्तर दरवर्षी येतं. दिवा आणि चेंडू घेऊन तेच विसाव्यांदा समजावताना कंटाळा येणार असेल, तर ही नोकरी तुमची नाही. पण रात्री मैदानात तीस मुलांची रांग, मोटर नसलेली दुर्बीण, आणि दीड मिनिटात नजरेबाहेर सरकणारा शनी! दर दोन मुलांमागे नळी हलवायची, भिंगावरचं दव पुसायचं. एवढ्यात कुणीतरी विचारतं, "सर, आत चित्र चिकटवलंय का?" हा प्रश्न मला अजून जुना झालेला नाही.

मान कुठे जास्त, हा हिशेब मात्र फसवा आहे. अमेरिकेच्या मारिया मिचेलकडे महाविद्यालयाची पदवी नव्हती. त्या ग्रंथपाल होत्या. 1847 मध्ये त्यांनी धूमकेतू शोधला आणि 1865 मध्ये मुलींच्या व्हासार कॉलेजात प्राध्यापक झाल्या. विद्यार्थिनींना घेऊन 1869 आणि 1878 ची खग्रास सूर्यग्रहणं पाहायला गेल्या. उलट सिसिलिया पेन-गापोश्किन. तारे मुख्यतः हायड्रोजनचे असतात, हे 1925 च्या त्यांच्या प्रबंधातून पुढे आलं. तरी हार्वर्डमध्ये त्यांनी शिकवलेले कोर्स कितीतरी वर्षं अभ्यासक्रमाच्या यादीतही नव्हते, आणि पूर्ण प्राध्यापकपद मिळालं ते 1956 मध्ये.

छोट्या कॉलेजात संशोधन संपतं, असंही नाही; विषय निवडायची अक्कल लागते. अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजातले खगोलशास्त्रज्ञ जे पासाकॉफ जन्मभर विद्यार्थ्यांना घेऊन सूर्यग्रहणांमागे हिंडले. दुसऱ्या ताऱ्यासमोरून ग्रह सरकताना 1999 मध्ये प्रथम टिपला गेला, तो जेमतेम 10 सेंटीमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून. रूपविकारी (तेज बदलणारे) तारे, ग्रहांची अशी अधिक्रमणं, हे विषय आमच्यासारख्यांना पेलतात. दूरच्या दीर्घिकांचं वेड असेल तर मात्र विद्यापीठच धरा, तिथे तडजोड चालत नाही.

मुलाखतीला गेलात की पगाराआधी एक विचारा: वेधशाळेची किल्ली कुणाकडे असते? ती शोधायला शिपाई धावायला लागला, तर तिथे खगोलशास्त्र फळ्यावरच शिकवावं लागेल, असं समजा.