वडिलांच्या मागे आलेलं घर विकताना टॅक्सचं कुणाला विचारावं, आधी वकील की आधी सीए?

वारसाने घर नावावर येताना टॅक्स लागत नाही, विकताना लागतो, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं त्यामुळे ते सोडून देतो. खरी अडचण असते की आधी जायचं कुणाकडे. आमचं साताऱ्यातलं जुनं घर, आजोबांनी घेतलेलं, मग वडिलांकडे आलेलं, मृत्युपत्र कुणाचंच नाही, आई आधीच गेलेली, आम्ही चार भावंडं आणि त्यातली धाकटी बहीण दुबईला. मी प्रॉपर्टीची कामं करणारे वकील आणि सीए दोघांनाही फी देऊन बसलोय, तेव्हा ज्यांचं अजून ठरायचंय त्यांच्यासाठी लिहितो. मी या दोन्हीतला माणूस नाही, हे ध्यानात ठेवूनच वाचा.

आधी वकिलांचं चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं होतं. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं की हे घर वडिलांकडे आलं कसं, आत्यांचं हक्कसोड (आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) आहे का, ते रजिस्टर आहे का, प्रॉपर्टी कार्डावर वारस नोंद लागली का. मला वाटत होतं घर आजोबांचं म्हणजे एकत्र कुटुंबाचं, म्हणजे एचयूएफची (हिंदू एकत्र कुटुंबाची टॅक्ससाठी वेगळी) फाईल काढावी लागणार, त्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं की वडिलांना ते हिंदू वारसा कायद्याच्या कलम 8 ने आजोबांकडून मिळालंय, त्यामुळे ते त्यांचं स्वतःचं, सुप्रीम कोर्टाचा चंदर सेन खटल्यातला 1986 चा निकाल आहे, आता तुम्हा चौघांचा प्रत्येकी पाव हिस्सा आणि टॅक्सही ज्याचा त्याचा. हेच सीएंना विचारलं तर ते म्हणाले मालकीचं वकिलांकडून लिहून आणा, मी पुढचं बघतो. म्हणजे कागद अडकलेले असतील, कुणी भांडत असेल, तर वकिलाशिवाय गत्यंतर नाही, सीए तिथे काही करू शकत नाही.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यात गेली ती गेलीच. टॅक्सचा विषय काढला की वकीलसाहेबांचं ठरलेलं उत्तर, "ते नंतर सीए बघेल हो, तुम्ही आधी व्यवहार करून घ्या." आणि व्यवहार कसा करायचा तर तिघांनी एकाच्या नावे हक्कसोड करून द्यायचं, म्हणजे खरेदीखतावर सह्या कमी, घेणाऱ्याची बँक खूश, दुबईहून कुणाला यायला नको. ऐकायला सोपं वाटतं, आमच्या थोरल्या भावाला तर लगेच पटलं.

सीएंनी तेच ऐकून कपाळाला हात लावला. त्यांचं म्हणणं असं की फुकट हक्कसोड केलं तर अख्खा नफा एकाच्याच डोक्यावर येतो, 54ईसीच्या बाँडची (ज्यात नफा गुंतवून टॅक्स वाचतो) 50 लाखांची मर्यादाही मग एकालाच मिळणार, दुसरं घर घेऊन सूट घ्यायची तर तीही त्यानेच घ्यायची, आणि नंतर त्याने भावंडांना वाटलेले पैसे त्याच्या नफ्यातून वजा मिळणं अवघड. बरं पैसे घेऊन हक्कसोड केलं तर देणाऱ्याच्या हातात ती विक्रीच धरतात, तिला तिथेच टॅक्स. त्यापेक्षा चौघांनी सही करा, चार हिस्से, चार वेगळे हिशोब. म्हणजे जे "नंतर बघू" म्हणत होते ते दस्त झाल्यावर बघण्यासारखं राहतच नाही. हक्कसोड एकदा रजिस्टर झालं की सीए फक्त चलन भरून देऊ शकतो. माझं मत इथेच फिरलं खरं सांगायचं तर.

बाकी सीएंचा एक कागद मला फार आवडला, साधी आकडेमोड होती. जुन्या घराची खरेदी किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते हे माहीत असेल, पण ती किती धरता यावर किती फरक पडतो बघा. समजा 2025-26 मध्ये घर 80 लाखांना गेलं आणि 2001 ची किंमत 10 लाख धरली, तर महागाई निर्देशांक 376 (2001 चा 100 धरून) लावून ती होते 37.60 लाख, नफा 42.40 लाख, 20 टक्क्यांनी टॅक्स 8.48 लाख, आणि दुसऱ्या पर्यायात निर्देशांक न लावता 12.5 टक्क्यांनी 8.75 लाख, म्हणजे जवळपास सारखंच (सेस वेगळा). तीच किंमत 12 लाख निघाली की 20 टक्केवाला टॅक्स थेट 7 लाखांच्या खाली. म्हणून व्हॅल्युअरचा रिपोर्ट नीट करून घ्यायचा, पण उगाच फुगवून नाही, कारण त्या वर्षीचा रेडी रेकनरचा (मुद्रांकासाठीचा सरकारी) दर मिळत असेल तर त्याच्या वर जाता येत नाही. ओळखीचे एक व्हॅल्युअर "हवा तो आकडा टाकून देतो" म्हणत होते, त्यांना तिथूनच नमस्कार केला.

आणि बहिणीचं प्रकरण. 23 जुलै 2024 च्या बदलानंतर 20 टक्क्यांचा पर्याय फक्त निवासी लोकांना, तोही त्या तारखेआधी घेतलेल्या जमीन-घराला, तिला सरळ 12.5. शिवाय घेणाऱ्याने आधीच कापायचा टॅक्स, म्हणजे टीडीएस, आमचा 1 टक्का आणि तिचा अनिवासी म्हणून वेगळाच, घेणारा घाबरून पूर्ण रकमेवर कापायला निघतो, म्हणून आधीच कमी कपातीचा दाखला काढावा लागतो. वकिलांकडे हा विषय निघालाच नव्हता, म्हणजे त्यांनी लपवलं असं नाही, त्यांच्या टेबलावर तो येतच नसावा.

सीए म्हणजे सगळं गोड असंही नाही. जुलै ते सप्टेंबर ते फोन उचलत नाहीत, भाषा कलमांची असते आणि आता 1 एप्रिल 2026 पासून नवीन आयकर कायदा म्हटल्यावर कलमांचे नंबरही बदलले, आपण वाचून ठेवलेलं कलम 54 (दुसरं घर घेऊन मिळणारी सूट) ते म्हणतात तेच का हे विचारावं लागतं. फीचं मात्र आधी सांगितलं आणि आकडेमोड मेलवर लेखी दिली, वकिलांचा सल्ला सगळा तोंडी. ऑनलाइन पॅकेजवाले पण असतात, स्वस्त पडतात, एकट्याच्या नावावरचा साधा फ्लॅट असेल तर चालून जातील कदाचित, पण दर फोनला नवीन माणूस आणि त्याला पुन्हा आजोबांपासून सुरुवात.

तुमच्यात वाद असेल, वारस नोंद लागली नसेल, कुणाचा हिस्सा किती हेच ठरलं नसेल तर आधी वकील, यात शंका नाही. पण नावं लागलीत, भावंडांत बरं आहे आणि गिऱ्हाईक दारात आहे, तर मी तरी विसार घ्यायच्या आधी सीएकडे जाईन आणि त्यांचा कागद घेऊन मग दस्ताचा मसुदा करायला वकिलांकडे. आमचे वकील त्यावर थोडे नाराज झाले, पण मसुदा चांगला केला त्यांनी.