१४ महिने गाडी वापरल्यानंतर: गाडी चांगलीये, पण अपडेटनं हाताची सवय मोडली

गाडी घेऊन १४ महिने झाले, साधारण १९ हजार किलोमीटर झालं. सोलापुरातलं रोजचं फिरणं, महिन्यातून एकदा पुणे आणि आईअण्णांना घेऊन पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट. इंजिन, सस्पेन्शन, सीट याबद्दल काही तक्रार नाही, हायवेला मायलेजपण बरं मिळतं. दुखणं आहे ते टचस्क्रीनचं, आणि कंपनीचं नाव घेत नाही कारण ते आता बऱ्याच गाड्यांचं आहे.

मार्चमध्ये घरच्या वायफायवर रात्री गाडीच्या सॉफ्टवेअरचा अपडेट झाला आणि सकाळी गाडी चालू केली तर स्क्रीनच दुसरी! आधी खाली एक पट्टी कायम असायची, डावीकडं टेम्परेचर, मधे ब्लोअरचं म्हणजे एसीच्या पंख्याचं प्लस मायनस, उजवीकडं पुढच्या काचेवरची वाफ घालवणारा डिफॉगर. मॅप लावा नाहीतर गाणी लावा, ती पट्टी हलायची नाही. मला तर बघावंपण लागायचं नाही, अंगठा स्क्रीनच्या खालच्या कडेला टेकवला की बोट आपोआप ब्लोअरवर जायचं. आता ती पट्टी काढून पंख्याचं एक बारकं चित्र ठेवलंय, ते दाबलं की एसीचं पान पूर्ण स्क्रीनभर उघडतं, मॅप गायब, आणि ब्लोअर बोटानं सरकवायचा. खराब रस्त्यावर सरकवून बघा, दोनवर ठेवायला जावं तर सहावर जातो. आणि काही सेकंद हात लावला नाही की ते पान आपलं आपणच बंद होतं, म्हणजे परत पहिल्यापासून.

एप्रिलमध्ये दुपारी पंढरपूरला निघालो होतो. आपल्याकडचं ऊन सांगायला नको, ४२ च्या वर पारा. मागं आईच्या तोंडावर हवा जोरात यायला लागली, तिचं डोकं दुखतं म्हणून ब्लोअर कमी करायचा होता, एवढंच काम. नवीन थीममध्ये पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं केलीत, मोहोळच्या अलीकडं ऊन सरळ स्क्रीनवर आलेलं, काही म्हणजे काही दिसेना. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, तीन सेकंद मान खाली घातली तरी ६६ मीटर रस्ता न बघता गेला. शेवटी गाडी कडेला घेऊन थांबलो आणि मग ब्लोअर कमी केला.

त्याहून वाईट जूनमध्ये झालं. तुळजापूरच्या घाटात जोराचा पाऊस, चौघं आत, समोरची काच आतून वाफेनं पांढरी झाली, समोर एसटीचे मागचे लाइट नुसते लाल ठिपके दिसतायत. जुन्या सवयीनं बोट उजव्या कोपऱ्यात गेलं तर तिथं आता गाण्यांचं ॲप, गाणं सुरू झालं! बायकोनं रुमालानं काच पुसली तेव्हा वळण दिसलं. डिफॉगर आता एसीच्या पानात वरच्या बाजूला दुसऱ्या टॅबमध्ये आहे. काचेवरची वाफ घालवायचं बटन कुणी लपवतं का ओ?

अण्णांचं तर जास्त वाईट वाटतं. वय ७१, चष्मा जाडा. स्क्रीनवरची अक्षरं वाचायच्या भानगडीत ते पडलेच नव्हते, "खालून डावीकडचं पहिलं, मग मधलं" असं मोजून त्यांनी पाठ केलं होतं, महिनाभर पार्किंगमध्ये बसून. अपडेटनंतर दोनदा चालवली आणि चावी माझ्या हातात दिली, म्हणाले तूच चालव. पूर्वी मार्केट यार्डला एकटे जायचे.

सर्व्हिस सेंटरला दोनदा गेलो. पोरगं चांगलं बोललं, "सर वरनंच आलंय, जुनं व्हर्जन परत टाकता येत नाही." बरं, अपडेट करायचाच नाही म्हणावं तर त्याच्यातच सिक्युरिटीची आणि ब्लूटूथ तुटायची दुरुस्तीपण असते. माझं म्हणणं एवढंच आहे की ते दोन वेगळे द्या. बिघाड दुरुस्त करा, पण बटनांची जागा मला विचारल्याशिवाय हलवू नका. मोबाइलचं ॲप बदललं तर मी सोफ्यावर बसून शिकतो, इथं मी घाटात असतो.

हे फक्त मला वाटतंय असं नाही. स्वीडनच्या 'वी बिलॅगारे' मासिकानं २०२२ मध्ये ११ नवीन गाड्या आणि २००५ ची एक जुनी व्होल्वो घेऊन ११० च्या स्पीडला चार साधी कामं करून बघितली. बटनांच्या जुन्या व्होल्वोत १० सेकंदात झाली, सगळ्यात वाईट टचस्क्रीनला ४४.६ सेकंद लागले, तेवढ्यात गाडी १,३७२ मीटर पुढं गेली! गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरोपातल्या 'युरो एनकॅप' संस्थेनंपण २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हझार्ड लाइट यांना वेगळी बटनं असली तर मार्क द्यायचं ठरवलंय. आपल्या हवामानात एसी आणि डिफॉगरलापण वेगळी बटनं पाहिजेतच असं मला मनापासून वाटतं.

सध्या मी काय करतो, तर निघायच्या आधीच एसी ऑटोवर २५ ला लावतो, आणि पावसाचं आभाळ दिसलं की डिफॉगर घरूनच चालू करून निघतो. आवाजानं सांगायची सोय आहे पण रेंज गेली की बंद, आणि "पंखा जरा कमी कर" म्हटलं तर गाडीला कळत नाही.

नवीन गाडी बघत असाल तर टेस्ट ड्राइव्ह दुपारी एक वाजता घ्या, संध्याकाळी नको. गाडी चालू असताना शेजारच्याला स्क्रीन झाकायला सांगा आणि ब्लोअर, डिफॉगर हातानं सापडतात का बघा. नाही सापडले तर दुसरी गाडी बघा.